‘डोळे मिटून घ्या’

‘पारशानं वापरलेली गाडी आहे, डोळे मिटून घ्या!’ मुंबईत जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकायला मिळे. माझ्या वडिलांनी १९७८ साली फिएट घेतली ती याच वाक्यावर, दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून. त्यांनी गाडीबरोबर एक वही दिली. ऑइल कधी बदललं, टायर कधी घातले, सगळं तारीखवार. नाव बदलायला ते स्वतः आरटीओत आले.

त्या काळी जुन्या गाडीचा रुबाब काही औरच होता. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवी. १९६९ मध्ये तर सरकारनं किमतीही बांधून दिल्या. नवी फिएट नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबत. मग दलालांचं फावणारच! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू हे चित्र पालटलं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींवरच एक निबंध लिहिला. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी मारुतीनं ‘ट्रू व्हॅल्यू’ दुकानं काढली. कंपनीच्या नावाची हमी, हा त्या दुखण्यावरचा एक उपाय. अर्थात, हमीचे पैसे गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात.

आमची फिएट १९९१ मध्ये एका व्यापाऱ्याला विकली. त्यानं पैसे रोख मोजले, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या. ‘गिऱ्हाईक मिळालं की नाव चढवतो, काका.’ तीन वर्षांनी अपघाताच्या दाव्याची नोटीस आली ती वडिलांच्या नावानं! कागदावर मालक तेच होते. सत्तरीत त्यांनी तारखांना खेटे घातले. व्यापाऱ्यानं दुकान केव्हाच हलवलं होतं.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत मात्र गाडी ताब्यात घेतल्याची नोंद झाली, की अधिकृत व्यापारी मालक मानला जातो. वडिलांना हे बघायला मिळालं नाही.

पारशीबाबांची वही व्यापाऱ्यानं नेली नव्हती. ‘गिऱ्हाईक हे वाचत नाही’, म्हणाला. ती अजून आमच्या कपाटात आहे.