बांधकाम-साहित्याचे नियोजन

इमारत, पूल, धरण इत्यादींच्या बांधकामास लागणारा दगड, विटा, लोखंड, सिमेंट, वाळू, लाकूड इ. माल कामाच्या क्रमानुसार ठरलेल्या वेळी बांधकाम स्थळी आणणे, तो उतरवून घेणे, सुरक्षितपणे साठविणे आणि प्रत्यक्ष वापराच्या जागेपर्यंत पोहोचविणे, यांची आधी आखलेली व्यवस्था म्हणजे बांधकाम-साहित्याचे नियोजन होय. आवक, हाताळणी व साठवण असे तिचे तीन भाग पडतात. तथापि ते परस्परांवर अवलंबून असतात. आवक अनिश्चित असेल, तर साठा मोठा ठेवावा लागतो. साठा मोठा झाला की जागा अडते व तोच माल दोन-तीनदा हलवावा लागतो. अशा प्रत्येक हलवाहलवीत मजुरी वाढते, मालाची फूटतूट होते आणि अपघाताचा संभव वाढतो. स्थळावरील मालाचे ढीग पाहून काम जोरात चालले असल्याचा समज होतो; पुष्कळदा मात्र ते ढीग पुढची खेप वेळेवर येण्याची खात्री नसल्याचेच लक्षण असतात. बांधकामाच्या इतिहासात ही खात्री कोणकोणत्या मार्गांनी मिळविली गेली आणि तिचा भार कोणी वाहिला, हा या विषयाचा गाभा आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : आवकीच्या नियोजनाचा फार जुना लेखी पुरावा ईजिप्तमध्ये मिळाला आहे. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल्-जर्फ येथे २०१३ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ प्येअर ताले यांच्या पथकाला खूफू राजाच्या कारकीर्दीतील (इ. स. पू. सव्विसावे शतक) पपायरसावरील लेख सापडले. त्यांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. सु. ४० माणसांची त्याची टोळी तुरा येथील खाणींतून पांढरा चुनखडक नौकांत भरून नाईल नदी व तिला जोडलेल्या कालव्यांतून गीझा येथील पिरॅमिडच्या कामावर पोहोचवीत असे. दहा दिवसांत अशा दोन-तीन फेऱ्या होत. माल कोठून निघाला, रात्री मुक्काम कोठे झाला व केव्हा पोहोचला, यांची नोंद दिवसवार ठेवलेली आहे. पिरॅमिडची भव्यता बहुधा दगडाच्या वजनावरून सांगितली जाते; या रोजनिशीवरून तिच्यामागील नौका, माणसे व दिवस यांचा हिशेब दिसतो.

सतराव्या शतकात आग्रा येथे ताजमहाल बांधताना हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. संगमरवर राजस्थानातील मकराना येथून बैलगाड्यांनी आणावा लागे. शाहजहानने आमेरचा राजा जयसिंग याला पाठविलेली काही फर्माने उपलब्ध आहेत. १६३२ व १६३३ मधील फर्मानांत खाणींवर दगड काढणारे कारागीर व भाड्याच्या गाड्या पुरविण्याचा हुकूम आहे, तर १६३७ च्या फर्मानात कारागिरांना आमेर येथे अडवून न ठेवता मकरानाला पाठवावे, अशी ताकीद आहे. खाणीत दगड विपुल होता. गाड्या आणि माणसे कमी पडत होती. बांधकामाची गती सर्वांत तुटपुंज्या साधनावरून ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चुना व सिमेंट : साठवणीच्या रीतीत मोठा बदल घडला तो बंधनद्रव्य बदलल्यामुळे. भाजलेला चुना विरवून ओल्या स्थितीत खड्ड्यात ठेवला, तर तो बराच काळ टिकतो व मुरल्याने अधिक चांगला होतो. भारतात जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या कामांवर बैलांनी फिरविलेल्या घाणीत चुना मळून घेत आणि लागेल तसा वापरीत. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले आणि पुढे सुधारित स्वरूपात या सिमेंटचा प्रसार झाला. त्यामुळे स्थिती उलट झाली. सिमेंट हवेतील दमटपणानेही बिघडते, त्यात गाठी होतात व त्याचे बल कमी होत जाते. चुन्याला काळ अनुकूल होता, तर सिमेंटला तो प्रतिकूल ठरला. परिणामी माल किती आहे याबरोबरच तो केव्हा आला, हेही लिहून ठेवणे आवश्यक झाले.

रेल्वे व प्रमाणित भाग : एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे दूरच्या कारखान्यातील माल ठरल्या दिवशी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. लंडनच्या हाइड पार्कमधील ‘क्रिस्टल पॅलेस’ (१८५०–५१) हे तिचे पहिले मोठे उदाहरण होय. जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यानुसार फॉक्स व हेंडरसन या मक्तेदारांनी सु. ५६३ मी. लांब व १२४ मी. रुंद अशी ही वास्तू उभारली. पहिला खांब २६ सप्टेंबर १८५० रोजी उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजी प्रदर्शनाचे उद्‌घाटन झाले. मोजक्या आकारांचे बिडाचे खांब व तुळया आणि एकाच मापाच्या सु. तीन लाख काचा बर्मिंगहॅमच्या परिसरातून येत. स्थळावर आलेली बिडाची तुळई जलदाबाच्या यंत्राने तपासून वर चढविली जाई. छताच्या पन्हळींवरून धावणाऱ्या छोट्या गाड्यांत बसून कारागीर काचा बसवीत. अशा ८० जणांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक काचा बसविल्याची नोंद आहे. कामाभोवतीच्या कुंपणाच्या फळ्याही पुढे जमिनीच्या तक्तपोशीसाठी वापरण्यात आल्या. भागांचे प्रकार जितके कमी, तितकी त्यांची आवक व हाताळणी सुलभ, हा धडा या कामाने घालून दिला.

एम्पायर स्टेट इमारत : साहित्य नियोजनाच्या इतिहासात न्यूयॉर्कमधील या इमारतीचे (१९३०–३१) स्थान विशेष आहे. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे जुने हॉटेल पाडून मोकळी केलेली जागा सु. ६० मी. × १२९ मी. एवढीच होती आणि तिच्या सभोवती शहरातील अतिशय गजबजलेले रस्ते होते. इमारत जवळजवळ पूर्ण जागा व्यापणार असल्याने माल रचून ठेवण्यास अंगण असे उरलेच नव्हते. श्रीव्ह, लॅम व हार्मन हे वास्तुविशारद आणि स्टॅरेट ब्रदर्स व एकेन हे मक्तेदार होते. १०२ मजले व ३८१ मी. उंची यांसाठी सु. ५७,००० टन पोलाद, एक कोटी विटा आणि दोन लाख घन फुटांहून अधिक इंडियाना चुनखडक लागणार होता. तो ठेवण्यास जागा नसल्यामुळे येणारा माल थेट वापराच्या जागी नेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पोलादी तुळया व खांब पिट्सबर्ग भागातील कारखान्यांत तयार होऊन प्रथम न्यू जर्सीतील आवारात येत. तेथून ते सपाट तळाच्या नौकांनी मॅनहॅटनच्या धक्क्यावर व पुढे मालमोटारींनी कामावर जात. प्रत्येक भागावर तो कोणत्या मजल्याचा व कोणत्या यारीने उचलायचा, याचे अंक रंगविलेले असत. त्यामुळे मोटार येताच शोधाशोध न करता माल उचलला जाई. पोलादाच्या उभारणीस ७ एप्रिल १९३० रोजी आरंभ झाला आणि सप्टेंबरमध्ये मुख्य सांगाडा पूर्ण झाला. या काळात सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले वर चढत होता.

विटांची व्यवस्था अधिक उद्‌बोधक आहे. तत्कालीन प्रथेप्रमाणे विटा रस्त्याच्या कडेला ओतून एकचाकी हातगाड्यांनी आत नेत. येथे मालमोटारी इमारतीच्या आतच आणून विटा घसरणीवरून तळघरातील नरसाळ्याच्या आकाराच्या कोठ्यांत सोडल्या जात. एका कोठ्यात सु. २०,००० विटा मावत. कोठ्याखालून त्या रुळांवरील छोट्या डब्यांत भरीत, डबे उद्वाहकाने इष्ट मजल्यावर जात आणि तेथे आखलेल्या अरुंद रुळांवरून गवंड्याच्या हाताशी पोहोचत. अशा डब्यात हातगाडीच्या सु. आठपट माल मावे. पाडलेल्या हॉटेलमधील जुने उद्वाहकही या चढ-उतारासाठी वापरण्यात आले. कोणत्या वेळी कोणत्या उद्वाहकातून काय चढवायचे, ते कोणत्या मजल्यावर व कोणत्या टोळीकडे जायचे, याचे वेळापत्रक रोज सकाळी छापून दिले जाई. भोजनासाठी उतरण्या-चढण्यात वेळ जाऊ नये म्हणून बांधकाम चालू असलेल्या इमारतीतच उपाहारगृहे काढली होती. ऐन भरात सु. ३,४०० माणसे कामावर होती.

आराखड्याचाही या गतीत वाटा होता. दर्शनी भागात खिडक्यांलगत धातूच्या पट्ट्या योजल्यामुळे दगडाच्या कडा स्थळावर तंतोतंत घडविण्याची गरज उरली नाही आणि दगड बाहेरून परांची न बांधता आतून बसविता आले. मालाची हाताळणी ही आराखडा तयार झाल्यावर विचारात घ्यावयाची बाब नसून आराखड्याचाच एक भाग आहे, हे येथे स्पष्ट झाले.

१ मे १९३१ रोजी इमारतीचे उद्‌घाटन झाले. या यशाचे मूल्यमापन करताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. साठा नाहीसा झाला नव्हता. पोलादापुरता तो नदीपलीकडील आवारात हलविला गेला होता. महामंदीमुळे माल व मजूर सहज व स्वस्तात उपलब्ध होते. अधिकृत नोंदीनुसार या कामावर पाच माणसे मृत्युमुखी पडली. शिवाय इमारत वेळेवर पूर्ण झाली, तरी मंदीमुळे तिच्यातील मोठा भाग कित्येक वर्षे भाडेकरूंअभावी रिकामा राहिला. उत्तम नियोजनाने बांधकामाचा काळ व खर्च आटोक्यात येतो. बांधलेल्या वास्तूची गरज मात्र त्यामुळे सिद्ध होत नाही.

नंतरच्या घडामोडी : काँक्रीट तयार करूनच स्थळावर आणण्याची पद्धत अमेरिकेत बॉल्टिमोर येथे १९१३ मध्ये सुरू झाली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर ती जगभर पसरली. तिच्यामुळे खडी, वाळू व सिमेंट यांचे ढीग स्थळावरून पुष्कळ अंशी गेले, परंतु वेळेचे बंधन अधिक कडक झाले. कारण वाटेत खोळंबलेले काँक्रीट घट्ट होऊन निकामी होते. मनोरा यारीमुळे माल उचलून थेट वापराच्या जागी ठेवता येऊ लागला. जपानमधील टोयोटा कंपनीच्या कारखान्यांत तैइची ओनो यांनी विकसित केलेल्या, गरजेपुरताच माल गरजेच्या वेळी आणण्याच्या पद्धतीचा विचार १९९० नंतर बांधकामातही होऊ लागला. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे वाहतूक व पुरवठा खंडित झाला, तेव्हा अत्यल्प साठ्यावर चालणारी कामे किती लवकर अडतात, याचाही प्रत्यय आला.

भारतातील परिस्थिती : भारतात, विशेषतः कोकण व घाटमाथ्यावर, पावसाळा हा नियोजनातील निर्णायक घटक आहे. आगोटीपूर्वी बेगमी करण्याची घरोघरची रीत बांधकामालाही लागू पडते. पुराने रस्ता तुटण्याचा किंवा नदीतील वाळू बंद होण्याचा संभव असेल, तेथे साठा करणे हाच शहाणपणा ठरतो. मात्र सिमेंटच्या बाबतीत हीच बेगमी घातक ठरते. भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) १९६७ मध्ये बांधकाम-साहित्य रचण्याविषयी व साठविण्याविषयी मानक (भा. मा. ४०८२) प्रसिद्ध केले व पुढे त्यात सुधारणा केल्या. सिमेंटची पोती जमिनीपासून सु. १५ ते २० सेंमी. उंच फळ्यांवर, भिंतीपासून अंतर ठेवून रचावीत. थप्पी दहा पोत्यांहून उंच नसावी. आठांहून अधिक पोती रचल्यास ती आडवी-उभी आळीपाळीने लावावीत आणि आधी आलेले पोते आधी वापरावे, असे त्यातील काही नियम आहेत. मुंबई-पुण्याकडील मोठ्या कामांवर तयार काँक्रीटचा वापर १९९० नंतरच्या दशकात वाढू लागला.

यंत्रांचा प्रसार होऊनही लहान कामांवर वाळू, खडी, विटा व काँक्रीट घमेल्यातून डोक्यावर वाहून नेले जाते आणि या वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. मजुरी स्वस्त असल्याने तोच ढीग दोनदा हलविण्याचा खर्च मालकाच्या हिशेबात ठळकपणे दिसत नाही. तो मजुराच्या मानेवर व पाठीवर पडतो. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ व त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किग्रॅ. आणि प्रौढ स्त्रीच्या बाबतीत ३० किग्रॅ. अशी घातली. भारतात प्रचलित असलेले सिमेंटचे पोते ५० किग्रॅ. वजनाचे असते, म्हणजे स्त्री-कामगाराने ते एकटीने उचलणे या नियमांत बसत नाही. युरोपातील अनेक देशांत २५ किग्रॅ. वजनाची पोती रूढ झाली आहेत. पोते किती किलोचे असावे, ढीग कोठे घालावा आणि मोटार कोणत्या दाराने यावी, या बाबी वरवर किरकोळ वाटतात. परंतु मजुराला दिवसभरात किती ओझे वाहावे लागेल, हे त्यांवरूनच ठरत असते.