सातबाराचे पुनर्लेखन

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, संगणकीय सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथे चालणाऱ्या कामांपैकी एक असे : एखाद्या मोठ्या संस्थेची वर्षानुवर्षांची माहिती जुन्या सॉफ्टवेअरमधून त्याच्या नव्या आवृत्तीत न्यायची. व्यवहार थंडावलेली वेळ निवडतात, आधी जुन्याची प्रत राखून ठेवतात, जुने रकाने नव्या रकान्यांशी जुळवतात, बेरजा ताडून पाहतात, आणि यंत्राला जे उलगडत नाही ते अखेरीस माणूस हाताने निस्तरतो. साहित्याच्या अभ्यासकाला यात परके काही वाटू नये. एका पोथीवरून दुसरी पोथी उतरवणे हे याच जातीचे काम होते आणि ते उतरवताना काय काय घडते याचा विचार आपण पाठचिकित्सेत करतोच. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलाकारांमुळेच.

ज्या जमिनीवर या इमारती उभ्या आहेत तिच्या दप्तराचाही असाच नकलांचा इतिहास आहे. ‘सातबारा’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की ही दोन नमुन्यांची बेरीज आहे, हे विसरायला होते. गावाच्या महसुली हिशेबाचे जे एकवीस नमुने ठरले, त्यांतला सातवा हक्कांचा आणि बारावा पिकांचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यापूर्वीच्या मोजणी-आकारणीत सरकारला मुख्य फिकीर होती ती सारा कोण भरतो याची. जमिनीवर कुणाकुणाचा कोणता हक्क आहे हे गावाच्या दप्तरात क्रमाने लिहिण्याची व्यवस्था या कायद्याने आली. बदल झाला की तो सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंदवायचा; मंजूर झाला की त्याचा क्रमांक वर्तुळात घालून सातव्या नमुन्यावर आणायचा. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. मला ही रीत फार अर्थपूर्ण वाटते. कंसातला माणूस कागदावर राहतो, वाचता येतो; आजोबा, मुलगा, नातू एकाच पानावर एकाखाली एक दिसतात.

पण पान भरते. बाराव्या नमुन्यात दरसाल पीक लिहावे लागे आणि साधारण दहा वर्षांनी जागा संपे. मग तलाठी नवे पुस्तक घेऊन सारा गाव पुन्हा लिहून काढी. याला महसुली भाषेत ‘पुनर्लेखन’ म्हणतात. पुनर्लेखनात चालू नावे तेवढी पुढे यायची, कंसातली जुन्या पुस्तकात राहायची. आणि लिहिणारा माणूसच. एखादी ओळ निसटे, ‘रामा’चा ‘रामजी’ होई, सहहिस्सेदारांतली एखादी विधवा बहीण नव्या पानावर येतच नसे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील कलम १५५ अशा चुकांच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि त्यांना कचेरीत शब्द आहे ‘लेखनप्रमाद’. संपादकाच्या आणि तहसीलदाराच्या कोशात एकच शब्द असावा हा योगायोग नव्हे. फरक एवढाच, की पोथीतला प्रमाद ओवी बिघडवतो आणि येथला माणसाची जमीन. त्याच कायद्याचे कलम १५७ म्हणते की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे नकलाकाराकडून गळलेले नाव आपले होते हे सिद्ध करण्याचा भार गळलेल्यावरच.

मोजमाप बदलले तेव्हाही सगळे हातानेच झाले. चाळीस गुंठ्यांचा एकर जाऊन हेक्टर–आर आले. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आर म्हणजे नेमके १००. हा किंचितसा फरक हिश्शाहिश्शाला पूर्णांकात बसवताना बेरजेत उरतो. गटाचे एकूण क्षेत्र एक आणि खातेदारांच्या हिश्शांची बेरीज दुसरी, असे सातबारे निपजतात त्यामागे हेही एक कारण.

रकान्याचे महत्त्व कोकणाला वेगळे सांगायला नको. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांविरुद्ध सहा वर्षे संप चालवला. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला : त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. पण ‘कसत होता’ हे दाखवायचे कशाने? बहुतेक वेळा कुळाच्या रकान्यातील नावाने. ज्याचे नाव तलाठ्याने लिहिले तो मालक होण्याच्या वाटेला लागला. ज्याचे राहिले त्याने कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

संगणक आला तो या नकलांच्या मालिकेतली आणखी एक नकल म्हणून. अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे टंकित करायचे होते. टंकणाऱ्यांचा भर साहजिकच चालू नोंदींवर होता. पुढे ई-फेरफार प्रणालीत सारे एकत्र आणायचे ठरले तेव्हा उघड झाले की यंत्रातला सातबारा आणि हस्तलिखित सातबारा जुळत नाहीत. मग ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ या नावांची मॉड्यूल्स निघाली आणि तलाठ्यांनी (२०२४ पासून त्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे) एकेक गट हातातल्या पुस्तकाशी ताडून पाहिला. मूळ प्रत समोर ठेवून पाठ मिळवणे, दुसरे काय! भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ या काळात विद्वानांनी जे केले, त्याची ही एक घाईची, विनासन्मान आवृत्ती म्हणता येईल.

या कामातली सर्वांत उल्लेखनीय गोष्ट २०१७ ची. दुरुस्त केलेले सातबारे गावोगावी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवण्याची मोहीम त्या वर्षी झाली. तिचे नावच ‘चावडी वाचन’. आपापल्या गटाची नोंद ऐकून लोकांनी हरकत सांगायची. अडीच कोटी पाने नव्या प्रणालीत गेल्यावर खात्रीची कसोटी म्हणून श्रवण शिल्लक राहिले, हे मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगे आहे. शेजाऱ्याला ठाऊक असते की ‘गणपत हरी’ नावाचे दोघे आहेत आणि त्यांतला नदीकडचा कोणता. यंत्राच्या लेखी ते एकच खाते होऊ शकते. अर्थात चावडीवर जे हजर, त्यांचीच हरकत. नोकरीसाठी बाहेर गेलेल्याचे आणि सासरी गेलेल्या लेकीचे कान तिथे नव्हते.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. २०२० साली नमुना पुन्हा बदलला, आणि मयत खातेदाराच्या नावाला कंस करण्याची जुनी रीत जाऊन नावावर आडवी रेघ आली. वाचायला सोपे झाले खरे. तरी कंस आणि रेघ यांचा अर्थ एक नाही असे मला वाटत राहते. कंस माणसाला बाजूला बसवतो, रेघ त्याच्या अंगावरून जाते. असो.

आता पुन्हा नवी मुंबईकडे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच आंदोलक हुतात्मा झाले; त्या लढ्यातून पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा भूखंड मागणाऱ्या वारसाला आजच्या सातबारावर काही सापडत नाही. तेथे आजोबांचे नाव नाही, आणि नव्या प्रणालीच्या दृष्टीने त्यात चूकही नाही, कारण जमीन आता त्यांची नाहीच. त्याला हवे असते ते संपादनापूर्वीचे पान, पुनर्लेखनाच्या एक-दोन पिढ्या मागचे. ती जुनी पुस्तके स्कॅन करून ठेवण्याचे कामही शासनाने केले आहे. पण ती प्रतिमा आहे. गाव, सर्व्हे नंबर सांगितला की पान समोर येते. त्यावरचे तलाठ्याचे वळण, शाईचा डाग, वर्तुळातला फेरफार क्रमांक आणि कंसात कोण आहे, हे ज्याचे त्याने पडद्याशी डोळे नेऊन लावायचे.