न्यायाधीशाला पदावर ठेवायचे कुणी?

रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनात त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पद सोडले. पद सोडणे न्यायाधीशाच्या हाती असते. त्यावर राहणे कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने १९४० साली तो कौल मतदारांवर सोपवला. समोर दुसरा उमेदवार नाही. प्रश्न एकच : हे न्यायाधीश पदावर राहावेत का? कॅलिफोर्नियातही अशीच रीत आहे. १९८६ साली तिथल्या सरन्यायाधीश रोझ बर्ड यांना लोकांनी घरी पाठवले. त्या फाशीच्या शिक्षा रद्द करतात, हा मुख्य राग.

आमच्या काशीमीऱ्यात नगरसेवक मतासाठी दारी येतो, न्यायाधीश येत नाही. मला ते बरे वाटते. पण मतपेटी नसली म्हणून टांगती तलवार नसते, असे नाही. उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक फार तर दोन वर्षांची. पुढे कायम व्हावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उ. रं. लळीत यांनी आणीबाणीत एका खटल्यातल्या तरुणांना जामीन दिला. त्यांना कायम केले गेले नाही. ते पुन्हा वकिली करू लागले. त्यांचे पुत्र उदय लळीत २०२२ साली देशाचे सरन्यायाधीश झाले.

१९९३ च्या निकालापासून अशा शिफारशी न्यायाधीशांचेच मंडळ करते. तरी कौल लोकांचा असो, सरकारचा की मंडळाचा, निकाल लिहिताना न्यायाधीशाला स्वतःची खुर्ची आठवली, की कोर्टाच्या पायरीवरचा माणूस एकटा पडतो.