काळा धूर (टर्बो डिझेल मोटार)

काळा धूर हे डिझेल इंजिनात इंधनाच्या मानाने हवा कमी पडत असल्याचे लक्षण आहे. अपूर्ण ज्वलनातून उरलेल्या काजळीमुळे धूर काळा दिसतो. निळा धूर मात्र इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवितो.

कारणे

टर्बोचार्जर निष्कास वायूंच्या बळावर इंजिनात दाबयुक्त हवा भरतो. जुन्या मोटारींत टर्बो, इंटरकूलर व इंजिन यांना जोडणारे रबरी पाइप चिरतात किंवा त्यांच्या क्लिपा सैल होतात आणि ही हवा निसटते. पनवेलजवळील कळंबोलीहून मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने बोरघाट चढताना इंजिनावरील भार वाढतो. अशा वेळी धूर, हवा निसटल्याचा आवाज व घटलेली ओढ यांवरून हा दोष उघड होतो.

निदान

प्रथम एअर फिल्टर, त्यानंतर रबरी पाइप, ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोचा दांडा आणि शेवटी इंजेक्टर तपासणे सोयीचे ठरते. हा क्रम सोडून थेट टर्बो बदलल्यास मोठा खर्च होऊनही धूर कायम राहू शकतो.

पीयूसी चाचणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धुराची मर्यादा भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी ६५, तर भारत स्टेज ४ वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकके आहे. ही चाचणी उभ्या वाहनावर, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबून घेतात. त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेली मोटारही घाटात काळा धूर सोडू शकते.