पडसे, पीनस आणि पद्य : सरफोजीकालीन तंजावरची एक चिकित्सापरंपरा

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु हे त्यागराजांचे (१७६७-१८४७) गाव. पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी येथे गायक जमतात. हे दिवस दव आणि गारठ्याचे, म्हणजेच नाक वाहण्याचे व घसा बसण्याचे. ज्या गावाची कीर्तीच गळ्यावर उभी आहे, तेथे पडसे हा किरकोळ आजार राहत नाही. तथापि पडशाच्या उपचाराचा वाङ्मयेतिहासाशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर तंजावरच्या मराठी दरबारात सापडते.

१७९९ च्या तहाने दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८-१८३२) यांच्याकडे तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर एवढाच उरला. उर्वरित मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. सत्ता संकोचल्यावर राजाचे लक्ष विद्या आणि दानधर्म यांवर एकवटले. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे आपल्याकडेच राहावीत, यासाठी त्यांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले. आजारी वाटसरूंना तेथे वैद्यांकडून उपचार मिळतात, याचा त्यात आवर्जून उल्लेख आहे.

त्यांच्या ‘धन्वंतरी महाला’त औषधयोगांचा अभ्यास होई. अनुभवाला उतरलेले योग पुढे तमिळ पद्यांत गुंफले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेत कास आणि श्वास यांची चिकित्साही येते. दरबाराची भाषा मराठी, दप्तराची लिपी मोडी. मग चिकित्सा तमिळमध्ये का? कारण उघड आहे. औषध देणारा आणि घेणारा, दोघेही बहुधा तमिळभाषक होते. आणि पद्य मुखोद्गत राहते. राजाने आपली भाषा रोग्यावर लादली नाही, रोग्याची भाषा स्वीकारली. परिणामी हे वाङ्मय मराठीच्या इतिहासात भाषेमुळे आणि तमिळच्या इतिहासात विषयामुळे उपेक्षित राहिले.

शब्दांचा प्रवासही याला साक्ष देतो. मराठीत ‘पडसे’, तमिळमध्ये ‘जलदोषम्’. परंतु संस्कृत ‘पीनस’ तमिळ वैद्यकात ‘पीनिसम्’ होऊन स्थिरावला. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकटू कफविकारांवर दोन्हीकडे वापरले जाते. तमिळमध्ये तर त्याच्या नावाचा ‘तिरिकडुगम्’ हा प्राचीन नीतिग्रंथच आहे : त्याच्या प्रत्येक पद्यात तीन हितवचने, जणू मनाच्या व्याधीवर तीन औषधी. तमिळमध्ये औषध आणि कविता यांचे नाते सरफोजींच्या कितीतरी आधीपासून रुजलेले होते. दरबाराने तेच पुढे चालविले.

अडुळशाची कथा याहून बोलकी. तमिळमध्ये तो ‘आडातोडै’. त्याच्या सेवनाने न गाणारी जीभही गाऊ लागते, अशा आशयाची तमिळ लोकोक्ती आहे. तिरुवैयारुच्या संदर्भात तिला वेगळाच अर्थ येतो. लिनियसच्या शास्त्रीय नामावलीतील ‘अधातोडा’ हा शब्दही दक्षिणेतील देशी नावावरूनच गेला. त्यातील ‘व्हॅसिसिन’ या द्रव्याच्या अभ्यासातून विसाव्या शतकात कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले.

बहुतेक पडशी विषाणूंमुळे होतात, त्यांवर प्रतिजैविके निरुपयोगी असतात आणि ती बहुधा आपोआप बरी होतात, हे आज ज्ञात आहे. जीवाणूजन्य घसादुखीची गोष्ट मात्र निराळी. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास संधिवाताचा ज्वर हृदयापर्यंत पोहोचू शकतो. त्या काळी हा भेद दाखविणारी साधने नव्हती. म्हणून या पद्यांकडे आजची औषधयोजना म्हणून नव्हे, तर एका द्विभाषिक समाजाने आपल्या वेदनेला दिलेली भाषा म्हणून पाहणे उचित. ते वाचण्यासाठी मराठी अभ्यासकाला तमिळकडे, आणि तमिळ अभ्यासकाला मोडी कागदांकडे जावे लागेल. तुलनेची खरी गरज येथेच आहे.