सोलापूरचा सर्जन आणि हाडाच्या आतला जीव

मांडीच्या हाडाला गोळी लागलेला सैनिक रणांगणावर वाचला, तरी त्याच्यापुढचा खरा धोका नंतरच सुरू होई. तो समजून घ्यायचा, तर आधी हाडाच्या आत डोकावावे लागते.

हाड सुक्या लाकडासारखे निर्जीव नसते. बाहेर अस्थिआवरणाचा पातळ पण रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा. त्याखाली कठीण, घट्ट अस्थी. तिच्यातून रक्तवाहिन्या नेणारे सूक्ष्म बोगदे. त्यांचे वर्णन क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये केले, म्हणून त्या 'हॅव्हर्सच्या नलिका'. आणखी आत, विशेषतः हाडांच्या टोकांशी, जाळीदार अस्थी आणि पोकळीत मज्जा. रक्तपेशी या मज्जेत घडतात, हे एर्न्स्ट नॉयमन यांनी १८६८ मध्ये मांडले. विशेष म्हणजे सुश्रुतसंहिता मोठ्या हाडांतली मज्जा आणि इतर हाडांतला रक्तमिश्रित मेद असा भेद करते. प्रौढांच्या लांब हाडांच्या दांड्यात पिवळी मज्जा, तर बरगड्या, छाती व कटी यांच्या हाडांत लाल मज्जा असते. सुश्रुताने हाडांची संख्या ३०० सांगितली, आज प्रौढात २०६ मोजतात. पण हे निरीक्षण थक्क करणारे आहे.

आता गोळीकडे येऊ. तिने हाडाच्या चिरफळ्या उडतात. जी चिरफळी आवरणापासून सुटली, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. मेलेल्या तुकड्यावर जंतू ठाण मांडतात, कारण तिथवर रक्तच पोहोचत नाही. मग पू, ताप आणि अखेर पाय कापणे किंवा मृत्यू. म्हणून सर्जनने सुटे तुकडे काढावेत, आवरणाला चिकटलेले जपावेत, जखम उघडी ठेवावी आणि पाय स्थिर बांधावा. हे ओळखणे हाताचे काम होते. औषधावर विसंबता येत नव्हते. जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन टोचले गेले, ते फेब्रुवारी १९४१ मध्ये.

अशा काळात, १ सप्टेंबर १९३८ रोजी, पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनकडे निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे २७ वर्षांचे द्वारकानाथ शांताराम कोटणीसही. इतर चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. जपानी फौजांशी लढणाऱ्या आठव्या रूट आर्मीचे जखमी त्यांच्या टेबलावर येत. डोंगराळ भागात नाकेबंदीमुळे औषधांची सदैव चणचण होती. नॉर्मन बेथ्यून हे कॅनेडियन सर्जन त्याच आघाडीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये दगावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

तिथे ते शिकवतही, चिनी भाषेतून. विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले. दुसरे लिहीत असतानाच अपस्माराच्या झटक्यांनी त्यांना गाठले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. पुस्तक अपुरे राहिले. मुलगा यिनहुआ तेव्हा काही महिन्यांचा होता.