दंडावरची खूण

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावताना नातवाने माझ्या दंडावरच्या दोन वाटोळ्या खुणांवर बोट ठेवले. "आजोबा, हे कशानं झालं?" त्याच्या दंडावर क्षयाच्या लशीची बारीक खूण आहे, पण असल्या पसरट खुणा त्याने पाहिल्या नव्हत्या. "देवी काढल्या त्याच्या," मी म्हटले. तो बुचकळ्यातच पडला.

आमच्या हातकणंगल्यात देवी काढणारा आला की पोरे माळ्यावर, नाहीतर उसाच्या फडात दडत. दातेरी चकती दंडावर दाबून तो ती गरकन फिरवी. मला मात्र आजीनेच पकडून पुढे केले. तिच्या तोंडावर देवीचे वण होते, आणि माझा थोरला चुलता लहानपणी देवीनेच गेला होता. रोगाचे नावही ती घेत नसे. 'बाई येऊन गेल्या' एवढेच म्हणे.

जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात गाईच्या देवीची लस प्रथम टोचली. ती बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. लस ताजी ठेवण्याची सोय कुठली? एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला. लेकराचा दंड हीच लशीची बाटली!

गाईची देवी ही माणसाच्या देवीची सौम्य बहीण. तिच्याशी झुंजताना शरीर प्रतिद्रव्ये तयार करते आणि शत्रूची ओळख ध्यानात ठेवते. पुढे खरी देवी आली तरी ती उंबऱ्यातच अडते. हे झाले एकाचे. पण देवीचा रोग माणसाखेरीज कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नसे. रोग्याच्या आसपासचे सारे टोचलेले असले, की त्याला पुढचे घरच मिळेना. मग पाळण्यातले न टोचलेले बाळही बचावे.

१९६२ साली देशभर मोहीम निघाली. शंभरांतल्या ऐंशींना टोचले की भागेल, असा हिशेब होता. पण उरलेले वीस एकाच वस्तीत दाटीने राहत असले तर? रोग तेवढ्यावरच जगे. म्हणून पुढे रोगी हुडकून त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचण्याची तऱ्हा आली. लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचले तरी बहुधा निभावे, कारण रोग उघड व्हायला दहा-बारा दिवस लागत. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

नातवाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या चुलत आजोबांना का नाही काढल्या देवी?"

देवी काढणारा तेव्हाही आला होता. आजीने त्याला माळ्यावर दडवून ठेवले होते.